डॉ. एल. ए. रामदास : हवामानाची मोजमापे शेतात नेणारे शास्त्रज्ञ

दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला निघतो. पुढील पाच दिवसांत पाऊस किती, किमान तापमान किती, वारा कसा, आणि त्यानुसार फवारणी, पाणी, काढणी यांचे काय करावे, हे त्यात असते. आज ही पद्धत इतकी सवयीची झाली आहे की ती कोणीतरी सुरू केली असेल, असे सहसा मनात येत नाही. आपल्या देशात या कामाचा पाया १९३२ मध्ये पुण्यात घातला गेला. त्याचे प्रमुख होते डॉ. एल. ए. रामदास. भारतीय कृषी हवामानशास्त्राचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. हवामान बदलाच्या आजच्या काळात त्यांचे काम पुन्हा समजून घेण्यासारखे आहे, कारण पीक जिथे उभे आहे तिथले हवामान मोजले पाहिजे, हे त्यांनी आयुष्यभर धरून ठेवलेले सूत्र होते.

शिक्षण आणि कोलकात्यातील संशोधन

नावावरून ते मराठी वाटतात, पण लक्ष्मीनारायणपुरम अनंतकृष्णन रामदास हे मूळचे केरळमधील पालघाटचे. जन्म ३ जून १९००. भौतिकशास्त्र शिकून ते कोलकात्याला गेले आणि चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या हाताखाली संशोधन करू लागले. त्या काळी देशातील हुशार तरुण पदार्थवैज्ञानिकांना रामन यांच्या प्रयोगशाळेची ओढ होती.

रामदास यांचा विषय होता द्रवाच्या पृष्ठभागावरून प्रकाश कसा विखुरतो हा. वरवर सपाट दिसणारा पाण्याचा पृष्ठभाग रेणूंच्या पातळीवर सतत हलत असतो. त्या हालचालीमुळे त्यावर पडलेला थोडा प्रकाश इकडे तिकडे फेकला जातो. हे विखुरणे मोजून पृष्ठभागाविषयी काय कळते, यावर त्यांनी रामन यांच्यासोबत लेखन केले. १९२६ मध्ये कोलकाता विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. पुढे १९२८ मध्ये रामन परिणामाचा शोध लागला, तेव्हा वायू आणि बाष्पांमध्येही तो दिसतो हे दाखवणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांमध्ये रामदास होते.

अशा माणसाला विद्यापीठात प्राध्यापक होऊन प्रकाशावरच काम करत राहणे सोपे होते. रामदास मात्र भारतीय हवामान खात्यात गेले. तिथे त्यांनी तापमापक, आर्द्रतामापक आणि मातीचे नमुने यांच्यासोबत पुढची तीस वर्षे घालवली. त्यांची संशोधनाची शिस्त मात्र प्रयोगशाळेतलीच राहिली.

पुण्यात कृषी हवामान विभाग

हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात. त्याच वर्षी शेतीविषयक शाही आयोगाचा अहवाल आला. देशाची शेती पावसावर चालते, पण पीक आणि हवामान यांचा संबंध शास्त्रीय पद्धतीने तपासणारी यंत्रणा नाही, ही उणीव त्यामुळे पुढे आली. त्यानंतर शेती संशोधन परिषदेच्या मदतीने १९३२ मध्ये पुण्यात कृषी हवामान विभाग सुरू झाला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या शेतावर मध्यवर्ती कृषी हवामान वेधशाळा उभी राहिली.

तोपर्यंतच्या वेधशाळा मुख्यतः जहाजे, विमाने आणि पावसाच्या अंदाजासाठी होत्या. त्यांचे तापमापक झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे १.२ मीटर उंचीवर असतात. ठिकाणाठिकाणांची तुलना करण्यासाठी ही उंची योग्य आहे. पण हरभऱ्याचे रोप त्या उंचीवर नसते. कांद्याची पात नसते. बियाणे तर जमिनीखाली काही सेंटिमीटरवर असते. मग पिकाला जाणवणारी थंडी आणि ऊन पेटीतल्या आकड्यावरून कसे कळणार? रामदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न धरला. त्यांनी मोजमापे जमिनीलगत, जमिनीखाली आणि उभ्या पिकाच्या आत नेली.

कलमकर आणि गद्रे यांच्यासोबत त्यांनी १९३४ मध्ये पिकांतील सूक्ष्म हवामानावर लेख प्रसिद्ध केला. मोकळे रान आणि उभे पीक यांतील तापमान, आर्द्रता आणि वारा यांची तुलना हा या अभ्यासाचा गाभा होता. दाट वाढलेल्या उसाच्या फडात शिरलेल्या माणसाला जे अंगाला जाणवते, त्याचे आकडे यातून मिळू लागले. फडात दिवसा ऊन जमिनीपर्यंत पोहोचत नाही, वारा जवळजवळ थांबतो आणि दमटपणा वाढतो. रोग आणि कीड वाढायला तेच वातावरण कारणीभूत असते. बाहेरच्या वेधशाळेतली आर्द्रता कमी दिसत असली तरी पिकाच्या आत ती जास्त असू शकते, हे आज तांबेरा किंवा भुरीचा सल्ला देताना गृहीतच धरले जाते.

रात्रीची सर्वांत थंड हवा कुठे असते

रामदास यांचे नाव जगभर झाले ते एका अनपेक्षित निरीक्षणामुळे. सूर्य मावळल्यावर जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते आणि थंड होते. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर हे जास्त वेगाने होते. त्यामुळे सर्वांत थंड जागा जमिनीचा पृष्ठभाग असावी आणि वर जावे तशी हवा थोडी उबदार असावी, असे पुस्तकांत लिहिलेले होते.

रामदास यांनी आत्मनाथन यांच्यासोबत वेगवेगळ्या उंचीवर तापमान मोजले तेव्हा वेगळेच दिसले. शांत, निरभ्र रात्री उघड्या जमिनीवर सर्वांत कमी तापमान जमिनीच्या पृष्ठभागावर नव्हते. ते जमिनीपासून काही दशांश मीटर वर, म्हणजे साधारण वीतभर ते गुडघ्याएवढ्या उंचीवर होते. त्या थरातली हवा जमिनीपेक्षा काही अंशांनी थंड असे. हे निरीक्षण १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले.

अनेकांनी ते मानले नाही. थंड हवा जड असते. खाली उबदार आणि वर थंड हवा असेल तर थंड हवा खाली बसून दोन्ही मिसळायला हव्यात, असा आक्षेप होता. मग हा थर टिकतो कसा? मोजणीतच चूक असावी, उपकरण स्वतः आकाशाकडे उष्णता सोडत असावे, असे म्हटले गेले. पुण्याच्या शेतावर घेतलेल्या आकड्यांना बरीच वर्षे हा संशय चिकटून राहिला.

रामदास यांनी वाद घालण्यापेक्षा निरीक्षणे वाढवली. पुढे इतर देशांतही असे थर नोंदवले गेले. जर्मन शास्त्रज्ञ राश्के यांनी पुण्यातच काळजीपूर्वक मोजमापे घेतली आणि १९५७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. थर खरा होता. पण तो का तयार होतो याचे समाधानकारक उत्तर रामदास यांच्या हयातीत मिळाले नाही. १९९३ मध्ये बंगळूरच्या नरसिंह, वासुदेव मूर्ती आणि श्रीनिवासन यांनी त्याचा सिद्धांत मांडला. जमिनीलगतची हवा स्वतःही थेट आकाशाकडे उष्णता सोडते, आणि जमिनीला मात्र खालून मातीतली ऊब मिळत राहते, या दोन गोष्टींचा त्यात विचार होता. त्यानंतरच्या संशोधनात जमिनीलगतच्या हवेतील धूलिकणांचाही सहभाग पुढे आला. आज या थराला रामदास थर म्हणतात.

शेतकऱ्याच्या दृष्टीने यातला मुद्दा सरळ आहे. निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री हवामान केंद्राचा किमान तापमानाचा आकडा आणि शेतातील लहान रोपाभोवतीची थंडी एकच नसते. रोपाभोवती ती जास्त असू शकते. निफाड परिसरात पारा घसरल्याची बातमी येते तेव्हा तो आकडा पेटीतल्या तापमापकाचा असतो. रोपवाटिकेतल्या टोमॅटोला त्याहून कमी तापमान सोसावे लागते. याउलट ढग असतील, हवा दमट असेल किंवा वारा वाहत असेल तर जमिनीची उष्णता तितकी सुटत नाही. म्हणूनच ठाणे खाडीकाठी पावण्यासारख्या ठिकाणी हिवाळ्याची रात्र देशावरच्या रात्रीइतकी बोचरी नसते.

काळी माती, खडूची भुकटी आणि रात्रीचे बाष्प

पुण्यातली आणखी दोन कामे काळ्या जमिनीवरच्या शेतकऱ्यांना जवळची वाटतील.

पहिले काम द्रविड यांच्यासोबतचे, १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेले. काळी माती ऊन शोषते, हे प्रत्येकाला अनवाणी पायांनी माहीत असते. रामदास यांनी काळ्या जमिनीच्या तुकड्यावर पांढऱ्या खडूच्या भुकटीचा पातळ थर दिला आणि शेजारचा तुकडा तसाच ठेवून दोन्हीकडे जमिनीखालचे तापमान मोजले. पांढऱ्या थराखाली माती स्पष्टपणे थंड राहिली, आणि हा फरक फक्त पृष्ठभागापुरता नव्हता, खाली काही अंतरापर्यंत जाणवत होता. जमिनीचा रंग बदलला की जमिनीच्या पोटातले तापमान बदलते, हे आकड्यांनी दाखवणारा हा साधा प्रयोग होता. आज आच्छादनाचा कागद चंदेरी घ्यावा की काळा, हा प्रश्न आपण विचारतो तेव्हा त्यामागे हेच शास्त्र असते.

दुसरे काम कट्टी यांच्यासोबतचे. पावसाळा संपल्यावरच्या कोरड्या दिवसांत काळ्या जमिनीचा वरचा थर दिवसा बाष्प हवेत सोडतो आणि रात्री हवेतले बाष्प परत ओढून घेतो, असे त्यांना दिसले. माती आणि हवा यांच्यात रोज ही देवघेव चालते. जमिनीच्या ओलाव्याचा हिशेब करताना पाऊस आणि सिंचन यांच्या जोडीला ही देवघेवही लक्षात घ्यावी लागते, हे त्यातून पुढे आले.

आठवड्याचा पाऊस आणि मोसमी पावसाची तारीख

हंगामात एकूण पाऊस सरासरीइतका झाला तरी पीक बुडू शकते. हे शेतकऱ्याला कोणी सांगायला नको. जूनमध्ये धो धो आणि ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांची उघाड पडली तर बेरीज बरोबर येते, कणसात दाणा मात्र भरत नाही. सरकारी हिशेब तेव्हा वर्षाच्या किंवा महिन्याच्या पावसावर चालत असे. रामदास आणि मलिक यांनी १९४८ मध्ये आठवडा हे माप पुढे ठेवले. एखाद्या आठवड्याची सरासरी ४० मिमी असेल आणि प्रत्यक्षात २० मिमी किंवा त्याहून कमी पाऊस झाला, तर तो आठवडा दुष्काळी धरावा, अशी ही कसोटी होती. म्हणजे सरासरीच्या निम्मा किंवा कमी. हे माप सोपे असल्याने कोणत्याही पर्जन्यमापकाच्या नोंदीवरून ते काढता येते. पुढे दुष्काळाच्या अनेक व्याख्या झाल्या, पण पिकाच्या अवस्थेशी जोडायला आठवडा हे एकक टिकून राहिले.

१९५४ मध्ये जगन्नाथन आणि गोपाळ राव यांच्यासोबत त्यांनी पश्चिम किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी पाऊस स्थिरावण्याची तारीख आधी सांगता येईल का, यावर लेख लिहिला. कोकणातल्या भात उत्पादकाला या प्रश्नाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. आता एमआयडीसीचे कारखाने असलेला पावणे आणि आसपासचा खाडीकाठचा पट्टाही त्या काळी गावांचा आणि भातखाचरांचा होता. पहिल्या सरींवर राब पेरून बसावे आणि मग पाऊस दडी मारावा, तर रोपे वाळतात. फार वाट पाहावी तर लावणी उशिरा होते. पाऊस येणे आणि पाऊस स्थिरावणे यात फरक आहे, आणि शेतीला दुसऱ्याची तारीख हवी असते.

संशोधनाकडून सल्ल्याकडे

रामदास यांच्या काळातच विभागाचे काम अहवालांबाहेर पडले. १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी खास हवामान वार्तापत्र सुरू झाले आणि आकाशवाणीवरून प्रादेशिक भाषांत ते ऐकवले जाऊ लागले. त्याच सुमारास देशभर पीक आणि हवामान यांच्या एकत्रित नोंदींची योजना आकाराला आली. भात, गहू, ज्वारी, कापूस, ऊस अशा पिकांची वाढ आणि त्या काळातले हवामान एकाच शेतावर, ठरलेल्या पद्धतीने, वर्षानुवर्षे नोंदवायचे, हा तिचा गाभा होता.

पुणे विभागाने पीक हवामान दिनदर्शिकाही तयार केल्या. एका पानावर पिकाच्या अवस्था, त्या त्या आठवड्याचा सरासरी पाऊस, पिकाची पाण्याची गरज आणि कोणत्या अवस्थेत कोणते हवामान घातक, हे मांडलेले असते. अंदाज देणाऱ्याने केवळ पाऊस येणार एवढे न सांगता, फुलोऱ्यात आलेल्या पिकाला तो चालेल का हेही पाहावे, यासाठी ती सोय होती. आज कृषी विद्यापीठांतले तज्ज्ञ सल्ला लिहितात तेव्हा याच मांडणीवर विचार करतात. १९७६ पासून राज्यांच्या मदतीने कृषी हवामान सल्ला सेवा सुरू झाली आणि २००८ पासून ती जिल्हा पातळीवर आली. मधल्या टप्प्यांवर अनेकांचे श्रम आहेत. सुरुवातीची चौकट मात्र पुण्यातली.

पुन्हा पाण्याच्या पृष्ठभागाकडे

हवामान खात्यातून निवृत्त झाल्यावर रामदास दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत गेले. तिथे त्यांनी तलावांतून आणि धरणांतून होणारे बाष्पीभवन कमी करण्याच्या प्रयोगांकडे लक्ष दिले. सेटिल अल्कोहोलसारखा मेणचट पदार्थ पाण्यावर पसरला की एका रेणूच्या जाडीचा पडदा तयार होतो आणि पाण्याची वाफ होणे मंदावते. ज्या द्रव पृष्ठभागाचा त्यांनी तरुणपणी कोलकात्यात प्रकाशाच्या साहाय्याने अभ्यास केला होता, त्याच विषयाकडे ते आता दुष्काळी भागाच्या गरजेपोटी परतले होते. वारा आणि लाटांनी हा पडदा फाटतो, तो पुन्हा पुन्हा द्यावा लागतो, त्यामुळे मोठ्या जलाशयांवर ही पद्धत अवघड जाते. शेततळ्यांवरचे बाष्पीभवन रोखण्याचा प्रश्न अजूनही पूर्ण सुटलेला नाही.

१९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९६० मध्ये भारतातील पिके आणि हवामान या विषयावरचे त्यांचे पुस्तक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केले. १ जानेवारी १९७९ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या नावाच्या थराचे पूर्ण स्पष्टीकरण त्यांना पाहायला मिळाले नाही.

आज आपल्यासाठी काय

हवामान बदल म्हणजे केवळ सरासरी तापमान वाढणे नव्हे. पावसातल्या उघाडी लांबणे, कमी वेळात जास्त पाऊस पडणे, थंडीची लाट अवेळी येणे, या गोष्टी शेताला आधी जाणवतात. बदल झाला की नाही हे ठरवायला जुनी, एकाच पद्धतीने घेतलेली नोंद लागते. कृषी हवामान वेधशाळांत आजही स्थानिक वेळेनुसार सकाळी ७ आणि दुपारी २ वाजता निरीक्षणे होतात, मातीचे तापमान ५, १० आणि २० सेंमी खोलीवर घेतले जाते, ते यासाठीच.

रामदास यांच्या कामातून शेतावर वापरता येतील अशा काही गोष्टी:

- थंडीची रात्र ओळखा. संध्याकाळी आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असेल तर रोपांजवळचे तापमान अंदाजातल्या किमान तापमानापेक्षा कमी जाऊ शकते. रोपवाटिका आणि फुलोऱ्यातील पिकांची काळजी त्या हिशेबाने घ्या.
- थंडीच्या लाटेआधी हलके पाणी द्या. ओली माती दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री ती वर पोहोचवते. कोरडी, भुसभुशीत माती तसे करत नाही.
- आच्छादनाचा हंगाम पाहा. पाचट किंवा भुसकटाचे आच्छादन उन्हाळ्यात माती थंड आणि ओली ठेवते. पण कडाक्याच्या थंडीत तेच आच्छादन मातीतली ऊब वर येऊ देत नाही, त्यामुळे पिकालगतची हवा अधिक थंड होऊ शकते.
- पाऊस आठवड्याने मोजा. गावात किंवा शेतात पर्जन्यमापक असेल तर आठवड्याची बेरीज लिहून ठेवा आणि मंडळाच्या सरासरीशी ताडून पाहा. निम्म्याखाली गेलेले आठवडे पिकाच्या कोणत्या अवस्थेत आले, हे शेजारी लिहा. पीक विमा किंवा पंचनाम्याच्या वेळी ही वही उपयोगी पडते.
- तापमापक पिकाच्या उंचीवरही लावा. विस्तार कर्मचाऱ्यांनी प्रात्यक्षिकाच्या शेतात एक किमान तापमापक नेहमीच्या उंचीवर आणि दुसरा गुडघ्याएवढ्या उंचीवर ठेवावा, आणि निरभ्र रात्रीनंतर पहाटे दोन्ही वाचून दाखवावेत. शेतकऱ्याला फरक स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो.